घरधनी माझा सुटू दे

आमच्या आईने जन्मात एकच गाणं रचलं, आणि त्या एका गाण्याने आमच्या घराला जेवढा घोर लावला तेवढा दुसऱ्या कशाने लावला नाही. गाणं म्हणजे तरी काय, दोन ओळी. जात्यावरच्या ओवीच्या चालीत बसवलेल्या.

राज्य तुझं येऊ दे देवा,
घरधनी माझा सुटू दे.

बस, एवढंच. यात भांडण होण्यासारखं काय आहे, असं तुम्ही विचाराल. तेच तर आम्ही त्या वर्षी एकमेकांना विचारत होतो, आणि आता मी इतकी म्हातारी झाले तरी उत्तर काही नीट हाती लागलेलं नाही. तर जसं झालं तसं सांगते, तुम्हाला लागलं तर बघा.

रत्नागिरीत मिशनच्या आवारात जांभ्या दगडाच्या दोन खोल्या होत्या, त्यांत आम्ही राहायचो. बाबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर. आईला गावात सगळे 'मिशनची बाई' म्हणत. तिचं काम म्हणजे घरोघर जायचं, बायकांना अक्षरं शिकवायची, येशूच्या गोष्टी सांगायच्या, कोणाचं मूल तापलं असेल तर काखेत मारून दवाखान्यात आणायचं. बंदरावरच्या मिरकरवाड्यातल्या खारव्यांच्या, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या, बायका तर आईला आपल्यातलीच समजत. बांगडा चिरता चिरता 'अ' आणि 'आ' म्हणत. आईला हे काम इतकं आवडायचं की रविवारी उपासनेनंतर जेवण झालं की तिला करमायचं नाही. खोल्या मिशनच्या, दोघांचं काम मिशनचं, आणि रविवारी जायचो ते देऊळही मिशनचं. चर्चला आम्ही तेव्हा देऊळच म्हणायचो.

मिरकरवाड्याकडे रस्ता उतरतो तिथल्या वळणावर दारूचा गुत्ता होता. मासळीचे मचवे परतले, कमाईचे वाटे पडले की शनिवारी संध्याकाळी अर्धा वाडा तिथेच. आमच्या मडमसाहेबांनी, म्हणजे मिशनच्या मुख्य बाईंनी, वीस-बावीस सालापासून असा परिपाठ ठेवला होता की शनिवारी आमच्या मंडळीतल्या, म्हणजे देवळात येणाऱ्या, बायकांनी गुत्त्याच्या दारात उभं राहून गाणी म्हणायची आणि पिणाऱ्यांसाठी प्रार्थना करायची. मी लहान, आईचा पदर धरून जायची. झांजा वाजवायच्या म्हणून मला हौस.

गुत्तेवाल्याला या गोष्टीचा राग होता असं समजू नका. तो आमच्यासाठी बाकडं बाहेर आणून ठेवायचा. कधी म्हणायचा, "बाई, आज जरा थोडक्यात आवरा हो. सणाचे दिवस आहेत, गिऱ्हाईक बिचकतं." आणि गावचा फौजदार वाटेने जाताना दिसला तर मडमसाहेबांना सलाम करून पुढे जायचा. सगळं कसं घरगुती.

फक्त गाण्यांचं काही जमत नव्हतं. मडमसाहेबांची गाणी परदेशी चालीची, आणि शब्द कोण्या पंडिताकडून करून घेतलेले. त्यात एका ठिकाणी 'मद्यपाशा' असं यायचं. पाश म्हणजे फास, दारूचा फास, असं त्याचं सरळ. पण एक म्हातारा खारवी दर शनिवारी विचारायचा, "बाई, हा मद्य पाशा कुठच्या मुलखाचा? काय केलान त्याने?" आणि गुत्त्यात हशा पिकायचा.

गुत्त्याच्या बाहेर गडग्यावर, म्हणजे दगडांच्या बुटक्या भिंतीवर, एक खारवीण पाटी घेऊन बसलेली असायची. नवरा आत. तो बाहेर येईपर्यंत ही बसून. एकदा ती आईला म्हणाली, "बाई, तुमच्या गाण्यातलं माका काय एक कळत नाय. देवाला एवढंच सांगा, माझा घरधनी सुटू दे."

ते आईच्या मनात राहिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे नाचणी दळताना ती गुणगुणायला लागली. वरची ओळ आमच्या रोजच्या प्रार्थनेतली, देवाचं राज्य येवो अशी जी मागणी असते तिच्यावरून घेतलेली, आणि खालची त्या खारविणीची. मडमसाहेबांना चाल जरा गावठी वाटली, पण पुढच्या शनिवारी गडग्यावरच्या सगळ्या बायकांनी ते उचललं तेव्हा त्याही टाळ्या वाजवायला लागल्या. मद्य पाशा मागे पडला. सहा-सात वर्षं आम्ही हेच म्हणत होतो. कोणाचा घरधनी सुटला, कोणाचा नाही, काहींचा महिनाभर सुटून परत अडकला.

मग मिठाचं वर्ष आलं, म्हणजे तीस साल. आम्हाला आवारात त्याचा काही पत्ता नव्हता असं नाही. दवाखान्यात येणारे लोक बोलत, बाबा ऐकत आणि घरी येऊन दार लावून सांगत. पण मिशनच्या शाळेला सरकारची मदत, आणि मिशनच्या साहेब लोकांनी या देशात येताना सरकारला शब्द दिलेला की राजकारणात पडणार नाही. तो शब्द आम्हालाही लागू, असं धरूनच आम्ही चालायचो. आपण बरं, आपली उपासना बरी.

एका शनिवारी आम्ही गुत्त्यावर गेलो तर आमच्या जागेवर बायका उभ्या! पांढऱ्या खादीच्या जाड्याभरड्या साड्या, हातात झेंडे, पुढे एक वकिलीणबाई. त्यांचे यजमान शिरोड्याकडे मीठ करायला गेले होते आणि तिथून थेट तुरुंगात. मागच्या बायकांतही बऱ्याच जणींच्या घरातलं कोणी ना कोणी आत होतं.

मडमसाहेब त्या दिवशी डोंगरात थंड हवेला गेलेल्या, उन्हाळ्यात जायच्या तशा. त्यामुळे पुढारीण आई. ती आणि वकिलीणबाई एकमेकींकडे बघत राहिल्या. हळदीकुंकवाला एका खुर्चीवर दोघी आल्या की जसं होतं तसं.

वकिलीणबाई म्हणाल्या, "तुम्हीही दारूविरुद्धच ना?"

"हो. आम्ही दर शनिवारी असतो."

"दर शनिवारी! धन्य आहे हो तुमची. आमचा तर आज पहिलाच दिवस."

मग दाराच्या उजवीकडे त्या, डावीकडे आम्ही. गुत्तेवाला बाहेर येऊन बघून गेला आणि दुसरं बाकडं घेऊन आला. त्यांनी त्यांचं गाणं धरलं, आम्ही आमचं, आणि असा काही कालवा झाला की आतले पिणारे कानावर हात ठेवून बाहेर आले. म्हणजे काम झालं म्हणायचं. पण गाणी काही जमेनात. शेवटी त्या थांबल्या आणि आम्ही तेवढं म्हणून घेतलं. दुसऱ्या ओळीला वकिलीणबाईंनी तोंडाला पदर लावला. बघता बघता तिकडच्या सगळ्या बायका रडायला लागल्या. आम्ही चकित. इतकी वर्षं म्हटलं, गाण्याला कोणी रडलं नव्हतं.

वकिलीणबाई आईजवळ आल्या. "कोणाचं हो हे गाणं?"

"माझंच. म्हणजे निम्मं हिचं," आईने खारविणीकडे बोट केलं.

"तुमच्याही यजमानांना नेलंय?"

"कुठे?"

"कुठे म्हणजे! आमच्यांना नेलं तिथे."

"नाही हो. माझे दवाखान्यात आहेत."

"अरे देवा! फार मारलं का?"

"छे, छे! कंपाउंडर आहेत ते."

मला हसू आवरेना. पण त्या हसल्या नाहीत. त्यांनी आईचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "शिकवा आम्हाला." आईने शिकवलं. न शिकवायला काय झालं? देवाचं गाणं मागितलं तर नाही कसं म्हणायचं? दोन्ही बाजू मिळून एका सुरात म्हणायला लागल्या, आणि ते इतकं मोठं झालं, इतकं खालच्या बंदरापर्यंत गेलं की मी झांजा वाजवायच्याच विसरले, हे अजून आठवतं. उजवीकडच्यांना घरधनी तुरुंगातून सुटायला हवा होता, डावीकडच्यांना दारूतून. आणि वरच्या ओळीतलं राज्य? ते कोणाच्या मनात कुठलं होतं कोण जाणे. मी बारा वर्षांची, माझ्या मनात तर राज्य म्हणजे एक मोठं पांढरं गलबत होतं. का, ते विचारू नका.

पुढच्या शनिवारीही तसंच झालं. त्याच्या पुढच्या शनिवारी मात्र फौजदार आला. तोच, सलाम करणारा. या खेपेला त्याच्याबरोबर शिपाई आणि एक मोटार.

"निरोधन बंद करा," म्हणाला.

आईला वाटलं उजवीकडच्यांना सांगतोय. ती जे करत होती त्याला निरोधन, म्हणजे गिऱ्हाईक दारात अडवणं, म्हणतात हे तिला त्या दिवशी कळलं.

फौजदार तिच्यासमोर आला. "मिशनच्या बाई, तुम्ही यात कशा?"

"आम्ही नेहमीच्या."

"काय म्हणत होतात ते परत म्हणा."

आईने म्हणून दाखवलं. हळू आवाजात, शाळेत म्हणतात तसं.

"कोणाचं राज्य येऊ दे?"

"देवाचं."

"मग सरकारचं जाऊ दे, असं का?"

आईने इतक्या वर्षांत हा विचारच केला नव्हता, हे तिच्या तोंडावर लख्ख दिसत होतं.

"आणि घरधनी कुठून सुटू दे?"

"दारूतून," आई म्हणाली, आणि त्याच क्षणाला बाजूने वकिलीणबाई म्हणाल्या, "तुरुंगातून!"

गडग्यावरची खारवीण पाटी सावरत म्हणाली, "कुठनं पण सुटू दे, साहेब. सुटला म्हणजे झालं."

शिपायांनाही हसू फुटलं. फौजदाराने मात्र पुढे काही न विचारता उजवीकडच्या बायकांना मोटारीत चढवायला सांगितलं. आमच्याकडे वळून म्हणाला, "तुम्ही घरी जा. तुमची प्रार्थना, यांचं निरोधन."

"पण गाणं तर एकच आहे," आई म्हणाली.

"बाई, घरी जा."

"मग मला का नाही नेत?"

तुम्हाला वाटेल आई फार धीट होती. मुळीच नाही. उंदीर दिसला तरी पाटावर चढायची. तिला खरंच कळत नव्हतं. एका दारात एकच ओळ दोघींनी म्हटली, एकीला मोटार, दुसरीला घर, हे कुठल्या हिशेबाने? पण लोकांनी ते शौर्य समजलं, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गावात झालं की मिशनची बाई फौजदाराला म्हणाली, मलाही पकडा.

त्या बायकांना काही तुरुंगात टाकलं नाही. गावाबाहेर लांब नेऊन सोडून दिलं, तिथून त्या चालत आल्या. तिसऱ्या दिवशी वकिलीणबाई आमच्या ओटीवर हजर. पायाला फोड आलेले. आईने त्यांना बसायला चटई दिली, पाण्याचा तांब्या आणला. त्यांनी तांब्याकडे बघितलं, पदर सावरला आणि म्हणाल्या, "आज उपास आहे."

"पाण्याचाही?" मी विचारलं. आईने मला चिमटा काढला.

त्या आईला म्हणाल्या, "बाई, तुम्ही उघडपणे एकदा सांगा, मी देशासाठी आले होते. लोक म्हणतात ख्रिस्ती लोक साहेबाचे. तुम्ही एवढं सांगितलंत तर त्यांची तोंडं बंद होतील. तुमच्याच लोकांचं भलं आहे यात."

त्या गेल्यावर आई तांब्याकडे बघत बसली. "उपासच असेल," म्हणाली. जरा वेळाने परत म्हणाली, "असेल ना गो?"

मी तांब्या उचलून आत नेला.

आणि त्याच आठवड्यात मडमसाहेब घाईघाईने परत आल्या आणि आमच्या पाळकांना, म्हणजे देवळातल्या धर्मगुरूंना, घेऊन घरी आल्या. पाळक आपलेच, देवरुखाकडचे, भला माणूस. बोलायचं अवघड असलं की कान खाजवायचे. त्या दिवशी कान लाल झाला होता. मडमसाहेब रागावल्या नव्हत्या, तेच वाईट होतं. डोळ्यांत पाणी होतं. त्या म्हणाल्या, हे गाणं मला किती प्रिय आहे, पण आम्ही शब्द दिलेला आहे, शाळा बंद पडेल, दवाखाना बंद पडेल. कलेक्टरसाहेबांनी बोलावून विचारलं आहे. तेव्हा येत्या रविवारी बाईंनी मंडळीसमोर उभं राहून सांगावं की मी दारूसाठी गेले होते, स्वराज्यासाठी नव्हे.

"आणि नाही सांगितलं तर?" बाबांनी विचारलं.

पाळकांनी कान खाजवला. "मग बाईंना काम सोडावं लागेल. आणि खोल्या... खोल्याही कामाबरोबरच्या आहेत."

आई म्हणाली, "पाळकसाहेब, एक विचारू? आपण देवाचं राज्य येऊ दे म्हणतो, तेव्हा आत्ता जे आहे ते पुरत नाही असंच म्हणतो ना?"

"ते आत्मिक आहे, बाई."

"म्हणजे दारू आत्मिक झाली?"

"दारू... दारू दोन्ही आहे."

"आणि तुरुंग?"

पाळकांनी मडमसाहेबांकडे बघितलं, मडमसाहेबांनी खिडकीबाहेर. बाहेर आमची कोंबडी ओरडत होती. शेवटी बाबाच म्हणाले, "सांगेल ती. मी समजावतो."

बाबांनी समजावलं ते असं.

"तू गेलीस कशाला?"

"दर वेळी जाते तशी."

"मग तसं सांग की. त्यात खोटं काय?"

"अहो, पण शेवटच्या खेपेला सुटू दे म्हणताना मला वकिलीणबाईंचे यजमान दिसत होते."

"तू त्यांना कधी पाहिलंस?"

"नाही."

"मग दिसले कसे?"

"पाठमोरे."

बाबांनी कपाळाला हात लावला. "अगो, पाठमोऱ्या माणसासाठी घर घालवतेस?"

"घालवत कुठे आहे? मी विचार करतेय." आणि मग अगदी बारीक आवाजात, "मिरकरवाड्यातल्या दोघी आता जोडाक्षरांवर आल्यात हो. मी नाही गेले तर त्या तिथेच अडकतील."

तेव्हा मला कळलं की तिला खोल्यांची फारशी काळजी नव्हती. तिला त्या बायका हातच्या सुटतील याची होती. ते काम हेच तिचं सगळं होतं. वकिलीणबाईंना हवं ते म्हटलं तर ते जाणार, मडमसाहेबांना हवं ते म्हटलं तर राहणार, पण मग त्या ज्या रडल्या होत्या त्यांना काय वाटेल? आणि देवाला काय वाटेल, ही तिची तिसरीच पंचाईत. ती रविवारपर्यंत दळताना एक ओवी म्हणाली नाही. नुसतं जातं ऐकू यायचं. मला तर दोन्ही बाजूंचं पटायचं. वकिलीणबाई आल्या की वाटायचं यांचं खरं, मडमसाहेबांच्या डोळ्यांतलं पाणी आठवलं की वाटायचं त्यांचं. बाबांकडे बघितलं की वाटायचं, कोणाचं का खरं असेना, घर राहू दे.

रविवार आला. देऊळ भरलेलं. मागच्या दाराशी एक अनोळखी माणूस टोपी काढून बसला होता, तो पोलिसांचा, असं सगळे कुजबुजत होते. उपदेश झाला. दान गोळा झालं. पाळक म्हणाले, "आता बाई दोन शब्द बोलतील."

आई उठली. पुढे गेली. दोन्ही हातांनी पदर घट्ट धरलेला. आमच्याकडे बायका पुढे उभ्या राहायच्या त्या फक्त प्रार्थनेला, त्यामुळे सवयीने तिने डोळे मिटले. ते बघून मंडळीने डोळे मिटले. मी एका डोळ्याने बघत होते.

ती म्हणाली, "मी दारूसाठी गेले होते."

आणि थांबली.

पुढचं अर्धं वाक्य यायचं होतं. पाळक मान पुढे करून उभे. मडमसाहेबांचे ओठ हलत होते, जणू तिच्यासाठी त्याच म्हणतायत. बाबांनी बाक इतकं धरलं होतं की बोटं पांढरी. आई थांबली, थांबली. कोणीतरी खोकलं. शांतता इतकी लांबली की मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या आजींना वाटलं प्रार्थना संपली. त्या मोठ्याने म्हणाल्या, "आमेन."

झालं. एकीने म्हटलं की सगळे म्हणतात, ते काही कोणाच्या हातात नसतं. सगळं देऊळ म्हणालं, "आमेन!" आईने डोळे उघडले, इकडेतिकडे बघितलं, आणि जागेवर येऊन बसली. पाळकांनी शेवटच्या गीताचा आकडा सांगितला. काय करतील बिचारे? आमेन झाल्यावर परत उठवून राहिलेलं अर्धं वदवून घ्यायचं? तसं कोणी कधी केलेलं नव्हतं.

मडमसाहेबांनी कलेक्टरसाहेबांना कळवलं की बाईंनी मंडळीसमोर सांगितलं, मी दारूसाठी गेले होते. तेवढ्यावर भागलं. आईचं काम राहिलं. आणि वकिलीणबाई दोन दिवसांनी आवाराच्या फाटकाशी येऊन म्हणाल्या, "शाबास बाई! स्वराज्यासाठी नव्हे, हे तुम्ही तोंडातून काढलं नाहीत! सगळ्या गावाने ऐकलं." एवढं बोलून भराभर निघून गेल्या. पुढे त्यांना खरोखर तुरुंग झाला, सहा महिने.

म्हणजे दोन्हीकडच्यांना हवं ते मिळालं, आणि आईला मात्र आपण काय बोललो ते कळेना. मी तिला कितीदा विचारलं, आई, तू मुद्दाम थांबलीस की विसरलीस? एकदा म्हणाली, "घसा सुकला." एकदा म्हणाली, "मला वाटलं पुढचं पाळक म्हणतील." आणि एकदा, मी मोठी झाल्यावर, भाजी निवडता निवडता म्हणाली, "मी थांबले होते ती देव काही सुचवतो का बघायला. तेवढ्यात आमेन झालं. आता ते आजींचं होतं की देवाचं, मला कसं कळणार?"

गुत्त्यावर जाणं मात्र बंद झालं. शनिवारची प्रार्थना देवळातच व्हायची, दारं लावून. पिणारे तिकडे, प्रार्थना इकडे. मिरकरवाड्यात आई जात राहिली, जोडाक्षरं झाली, बायका वाचायला लागल्या. ती गडग्यावरची खारवीण एकदा म्हणाली, "बाई, आता शनिवारी कोणच नाय. ना तुम्ही, ना त्या झेंडेवाल्या. गुत्तेवाल्याने बाकडी आत नेलीन." नवरा तिचा पीतच होता. आईने मान खाली घातली आणि धडा पुढे चालू केला.

मग सदतीस साल आलं. निवडणुका झाल्या, आणि ज्यांना मोटारीत घालून नेत होते त्यांच्यातलेच लोक मुंबईत मंत्री झाले. वकिलीणबाईंचे यजमान कधीच सुटून आले होते, त्यांच्या दारात तर फौजदार सलाम करायला उभा राहायचा, तोच की दुसरा ते आता आठवत नाही. पुढे बातमी आली की या मंत्र्यांनी कुठे कुठे दारूबंदी सुरू केली. आमच्याकडे नव्हे अजून, पण येईल म्हणत होते. त्या रविवारी पाळकांनी वेदीपाशी उभं राहून मंत्र्यांसाठी प्रार्थना केली. देवाने त्यांना दारू बंद करायची बुद्धी दिली म्हणून आभार मानले. मडमसाहेब पहिल्या बाकावर, मान डोलावत होत्या.

मी आईकडे बघितलं. ती कपाळाला आठ्या घालून बसली होती. उपासना संपल्यावर पाळक दारात उभे राहून सगळ्यांशी हात मिळवायचे. आईने त्यांचा हात सोडलाच नाही.

"पाळकसाहेब, आता हे चालतं?"

"काय, बाई?"

"त्यांच्यासाठी प्रार्थना. ते तर झेंडेवाले."

पाळकांचा दुसरा हात कानाकडे गेला. "बाई, आता ते सरकार आहे."

"हां," आई म्हणाली. "मग तेव्हा काय होतं?"

मागे लोक खोळंबले होते. पाळक म्हणाले, "बाई, यावर आपण निवांत बोलू," आणि पुढच्या माणसाचा हात धरला. निवांत बोलणं काही झालं नाही. त्यांची बदली झाली.

घरी येताना आई बाबांच्या मागे चालत होती. मध्येच म्हणाली, "म्हणजे मी तेव्हा जरा लवकर गेले, एवढंच?"

बाबा म्हणाले, "मला यातलं काही विचारू नकोस."

"तुम्हाला नाही, मी मलाच विचारतेय." थोडं चालून परत, "पण लवकर गेले की चुकीच्या दारात गेले? दार तर तेच होतं हो."

बाबांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. आईने वाटेत उभ्याउभ्याच चप्पल झटकली, आत खडा गेला होता, आणि मग आम्ही घरी आलो. भात टाकायचा होता.